आत झोपलेली माणसं

दीनानाथला चारचौघांसारखं वागायचा भारी कंटाळा. सौदीतल्या यान्बूतले झाडून सगळे मराठी लोक सुट्टीत एक तर गावी जातात, नाही तर बाकूला आणि तिबिलिसीला जाऊन तेच ते रोपवेतले फोटो काढून आणतात. म्हणून या पठ्ठ्यानं बायको-मुलीला घेऊन गाठलं कुठं, तर स्कोप्ये! "हे कुठं आलं बुवा?" असं प्लांटमध्ये ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला त्यानं ऐटीत सांगितलं, की उत्तर मॅसेडोनियाची राजधानी, चिमुकली, आपल्या सांगलीएवढी, मदर तेरेसांचं जन्मगाव. वर आणखी, "स्मृतीला जरा इतिहास कळेल." आता बघा, इतिहास कळायला बाहेरगावी जायची त्याला काहीच गरज नव्हती. सोळा वर्षं तो त्याच्याच ताटाशेजारी जेवायला बसत होता.

शहर तसं गोड होतं. मधून नदी, नदीवर जुना दगडी पूल, पुलापलीकडं मशिदी आणि तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा बाजार, अलीकडं इतके पुतळे की स्मृती म्हणाली, "पप्पा, इथे पीपलपेक्षा स्टॅच्यूज जास्त आहेत." पद्मिनीही खुशीत होती. बाजारातून तिनं कॉफीचं एक पितळी भांडं घेतलं, पुलावर उभं राहून फोटो काढून घेतले, नवऱ्याच्या टोपीला नावं ठेवली. निघायच्या आदल्या सकाळी गाइड पोरगी त्यांना जुन्या रेल्वे स्टेशनसमोर घेऊन आली आणि तिथं सगळं फिसकटलं.

स्टेशन म्हणजे अर्धंच होतं. अर्धी इमारत जमिनीवर आलेली, उरलेली तशीच ठेवून तिचं म्युझियम केलेलं. भिंतीवर भलंमोठं घड्याळ, पाच वाजून सतरा मिनिटांवर अडकलेलं. खाली माणसं फुलं ठेवत होती, कारण नेमकी तारीख तीच होती, सव्वीस जुलै. त्रेसष्ट साली याच दिवशी पहाटे भूकंप झाला, गाइड सांगू लागली. हजारावर माणसं गेली, शहर जवळजवळ सगळं पडलं. मग जगभरातून मदत आली, एकमेकांचं तोंड न बघणारे देश इथं एकत्र राबले, जपानी वास्तुविशारदानं नवा नकाशा काढून दिला. "आणि हे काही पहिल्यांदा नाही," ती अभिमानानं म्हणाली. "पंधराशे वर्षांपूर्वी एकदा, मग सुलतानांच्या राज्यात एकदा. पडतं, आणि आम्ही पुन्हा इथंच बांधतो."

"पुन्हा इथंच," पद्मिनी पुटपुटली. मग स्मृतीचा दंड धरून म्हणाली, "तिला विचार, आधी बारके बारके धक्के येत होते का? कुणी बाहेर झोपत होतं का?"

स्मृतीनं विचारलं. गाइडला काही सांगता येईना. तिनं फुलं घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांच्या भाषेत विचारलं. म्हाताऱ्यानं पद्मिनीकडं निरखून पाहिलं आणि एकच वाक्य बोलला. गाइड म्हणाली, "ते म्हणतात, मला माहीत नाही, आम्ही झोपलो होतो."

पद्मिनी तिथंच फुटपाथवर बसली. आधी दीनानाथला वाटलं, ऊन लागलं. पाण्याची बाटली पुढं केली, तर तिनं ती नुसती हातात धरून ठेवली.

लग्न ठरताना त्याला एवढंच सांगितलं होतं, की मुलगी लातूरकडची, आईवडील आणि भाऊ किल्लारीच्या भूकंपात गेले, मामानं सोलापूरला वाढवली. त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की त्या रात्री ती मामाकडंच असणार. कधी विचारलं नाही. उगाच कशाला खपली काढा, असं तो स्वतःला सांगायचा, आणि खरं सांगायचं तर ऐकायची त्याची छाती नव्हती.

"आमच्याकडं वर्षभर आधीपासून यायलते धक्के," पद्मिनी म्हणाली. सोलापूरच्या शाळेत आणि सासरी घासून घासून गुळगुळीत केलेली तिची भाषा एकदम गावाकडं गेली. "सगळं गाव बाहेर झोपायचं. थंडीत, पावसात, समदे. मग थांबलं. एकदम गप. दोन-चार घरं आत गेली, मग दहा गेली. आप्पा म्हनले, लोकं हसायलेत आपल्याला, चला आत. गणपती बुडवून आलते, दमलते सगळे. मी हट्टानं अंगणातच राह्यले. शेळीचं पिल्लू घेऊन बाजेवर. आईनं दोन रट्टे दिले आणि दार लावून घेतलं." ती थांबली. "माळवदाचं घर हो. मातीचा ढीग नुसता. मी त्याच्यावर बसून हाका मारत होते."

"आणि भाऊ?" दीनानाथनं विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"समदे आत होते," ती म्हणाली.

स्मृती तोंडावर हात ठेवून उभी होती. दीनानाथनं बायकोला उठवलं, टॅक्सी केली, हॉटेलवर आणलं, आणि माणूस मुळात चांगला, त्यामुळं पुढचे आठ-पंधरा दिवस तिला अगदी फुलासारखं जपलं. मग यान्बूत प्लांटचं वार्षिक दुरुस्तीचं शटडाऊन आलं, आणि विषय मागं पडला. त्याच्यापुरता.

सप्टेंबरच्या अखेरीस एका दुपारी पद्मिनीनं त्याला कामावर फोन केला. "धक्का आला."

"कसला धक्का?"

"जमिनीचा."

दीनानाथ हसला. पण संध्याकाळी बातम्यांतही आलं. यान्बूच्या उत्तरेला, अल-ईस गावाकडच्या काळ्या लाव्हाच्या माळरानात, जमीन थोडी हलली होती. घाबरायचं कारण नाही. खालच्या मजल्यावरचे हारूनभाई, मूळचे म्हसळ्याचे, बंदरावरच्या स्टोअरमध्ये आयुष्य गेलेले, त्यांनी तर जिन्यातच दीनानाथला धीर दिला. "अरे भाऊ, दोन हजार नऊ साली यापेक्षा लई हलत होती. सरकारनं तिकडची अख्खी गावं उचलून इकडं यान्बूत आणून ठेवली. शाळांमध्ये, हॉटेलांत, जागा मिळेल तिथं माणसं. आम्हाला वाटलं, आता डोंगर फुटतोय. काय झालं? कुछ नहीं! महिन्या-दोन महिन्यांनी गेले सगळे आपापल्या घरी. खलास."

दीनानाथनं हे वर येऊन जसंच्या तसं सांगितलं. पद्मिनीनं ऐकलं आणि विचारलं, "मग ते परत आत गेले?"

"घर त्यांचं. जाणारच की!"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक उतरंड दिसली. खाली पालथा पेला, त्यावर छोटा पेला, त्यावर वाटी, वर एक चमचा आडवा. गावाकडं सगळे असंच करून ठेवायचे, पद्मिनी म्हणाली, माणसाला कळायच्या आत भांड्याला कळतं. आणि उतरंड पडायची हो! संध्याकाळी चहाच्या वेळी खणखणाट करून पडायची, आणि तिघंही जागच्या जागी थिजायची. कधी खरंच धक्का असायचा, कधी खालून टँकर गेलेला असायचा. दीनानाथ तेवढा वेळ श्वास रोखायचा आणि मग त्याचीच लाज वाटून बायकोवर खेकसायचा.

मग तिनं बाहेर झोपायला सुरुवात केली. इमारतीमागं पार्किंगची मोकळी जागा होती, कुंपणाला लागून. तिथं चटई, उशा, पाण्याची बाटली. रात्रीची हवा बरी असायची, त्यामुळं पहिले काही दिवस स्मृतीला गंमत वाटली. इथले लोक समुद्रकाठी नाही का चटया टाकून बसत! पण गंमत चार दिवसांची. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी पद्मिनीला 'भूकंप भाभी' नाव ठेवलं. शाळेच्या बसमधल्या पोरींनी ते उचललं. स्मृती रडत घरी आली आणि म्हणाली, "मम्मा, प्लीज, इट्स सो एम्बॅरसिंग. मी नाही येणार आता." आणि गेली आपल्या खोलीत, दार लावून घेतलं.

ते दार लागलं तेव्हा पद्मिनीचा चेहरा पांढराफटक पडला. दीनानाथनं पाहिलं. पाहून कानाडोळा केला, कारण त्याच दिवशी त्याच्या मॅनेजरनंही त्याला हसत हसत विचारलं होतं, "तंबू घरात लावलाय की बाहेर?"

"तुला माती-दगडाचं घर आठवतंय," त्यानं तिला समजावलं. "हे आरसीसी आहे. कॉलम आहेत, बीम आहेत."

"स्कोप्येच्या त्या स्टेशनला पण कॉलम होते," ती म्हणाली. "आडवे."

माणूस हरला की आवाज चढवतो, तसा दीनानाथनं चढवला. लोकांत हसं करतेस, पोरीच्या डोक्यात खूळ भरतेस, आम्हाला जगू देणार आहेस का नाही. पद्मिनी खाली मान घालून ऐकत राहिली आणि शेवटी एकच म्हणाली, "मला आणि स्मृतीला सोलापूरला पाठवा. थोडे दिवस. तुम्ही तुमच्या फोनवर नुसतं बटण दाबायचं."

ते खरंच होतं. दोघींचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, त्याच्या नावावर. जाऊन परत यायची परवानगी, एक्झिट री-एंट्री, त्यानं फोनवरून काढली तरच विमानात बसता येणार. फोन त्याच्या हातातच होता.

"शाळा बुडवून? परीक्षा तोंडावर आलीय! नाही पाठवणार," तो म्हणाला. "आणि हा विषय इथंच संपला."

ती उठली, उशी घेतली आणि खाली गेली. एकटीच.

आणि मग धक्के थांबले.

एक आठवडा गेला, दुसरा गेला, नोव्हेंबर लागला. उतरंड जागची हलेना. बातम्यांत येईना. जमीन अशी गप झाली की जणू काही झालंच नव्हतं. ग्रुपवर कुणी पेढ्याचं चित्र टाकलं, कुणी लिहिलं, भूकंप भाभी जीत गयी. हारूनभाईंची बायको ताजुन्निसा खीर घेऊन वर आली आणि म्हणाली, "अल्लाचं नाव घ्या वहिनी, टळलं बघा." दीनानाथला हायसं वाटलं. आता ही येईल वर, असं तो धरून चालला.

ती आली नाही. उलट तिचं जेवण सुटलं. दिवसभर काम करायची, पण मध्येच हात थांबवून जमिनीकडं बघत राहायची. भांडी घासताना नळ बंद करून ऐकायची. एकदा दीनानाथ कामावरून आला, तर ही स्मृतीच्या खोलीच्या भिंतीला तळवा टेकून उभी होती, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा.

"आता तर थांबलंय ना!" तो वैतागून म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "थांबलंय."

ती खालच्या बाजूला बघून म्हणाली, "तुम्ही दोघं या ना खाली. दोनच दिवस. माझ्यासाठी." त्यानं नकार दिला. तिनं त्याचे हात धरले. तिनं स्मृतीचं दार वाजवलं, "बाळा, चल ना," म्हणाली, आतून "मम्मा, नो!" आलं. मग पद्मिनी खाली गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी दीनानाथ संध्याकाळी घरी आला, तर घर धुऊन-पुसून लख्ख. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास. ओट्यावर उतरंड नाही, पेले जागच्या जागी फळीवर. आणि पार्किंगमधली चटई गुंडाळून गॅलरीत उभी करून ठेवलेली.

"हे काय!" तो ओरडलाच.

"आले मी आत," पद्मिनी म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली! पोळी तव्यावर टाकत तिनं विचारलं, "तूप जास्त घालू का?"

दीनानाथचा आनंद काय वर्णावा. तो उगाचच घरभर फिरला. स्मृतीला हाक मारली, "अगं, बघ, मम्मा आली!" पोरगी खोलीतून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली, आणि पद्मिनीनं तिला इतका वेळ धरून ठेवलं की पोळी करपली. ती हसतच दुसरी लाटायला बसली.

जेवणं झाली. हळूहळू दीनानाथच्या काही गोष्टी ध्यानात येऊ लागल्या. मोठ्या खोलीतल्या पलंगाशेजारी स्मृतीची गादी आणून टाकली होती, अगदी चिकटून. "आज सगळे इथंच झोपू," पद्मिनी म्हणाली. स्मृतीनंही आज काही कुरकुर केली नाही. मग पद्मिनीनं सोलापूरला मामाला फोन लावला. मामाशी ती गोड बोलली, मामीशी बोलली, मामेभावंडांची एकेकाची चौकशी केली, आणि फोन ठेवताना म्हणाली, "तुम्ही माझं फार केलंत मामा. माझं काही चुकलं असलं तर पोटात घाला." दीनानाथला ते जरा खटकलं. लग्नाच्या मांडवातून निघताना पोरी असं बोलतात.

तो सोफ्यावर तिच्याशेजारी येऊन बसला. आत स्मृती गुणगुणत केस विंचरत होती.

"बरं वाटलं बघ," तो म्हणाला. "गेली ना भीती?"

पद्मिनीनं त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "भीती कशी जाईल? येणारच आहे ते."

"मग आलीस कशी आत?"

"तुम्ही दोघं येत नाही बाहेर," ती म्हणाली, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी. "मी लई विचार केला. मागच्या वेळी मी एकटी राह्यले बाहेर. त्या ढिगावर बसून सकाळपातूर हाका मारल्या. ते मला परत नाही जमायचं हो. त्याच्यापेक्षा तुमच्यासंगं आत बरं." आणि पदरानं त्याच्या शर्टावरचा पुरणाचा डाग पुसायला लागली.

दीनानाथ तिच्या हाताकडं बघत राहिला. त्याला वाटलं होतं, ती हरून आली. त्याला वाटलं होतं, आपण जिंकलो! ही बाई आज घर झाडून, पुरण घालून, निरोप घेऊन मरायला आत आली होती, केवळ त्यानं आणि पोरीनं बाहेर यायचं नाकारलं म्हणून. आणि तो तूप ओरपत बसला होता. आपल्याला रडू फुटेल असं त्याला वाटलं, आणि ते फुटलंच, मोठ्यानं, अगदी पोरासारखं.

"पप्पा?" स्मृती कंगवा हातात घेऊन दारात आली. "व्हॉट हॅपन्ड?"

"ऊठ," तो पद्मिनीला म्हणाला, आणि उठला तो स्वतःच. गॅलरीतून चटई उचलली, आतली गादी गोल करून खांद्यावर घेतली. "स्मृती, उशा घे. पाणी घे. चप्पल घाल."

"पण पप्पा, सगळे बघतील."

"बघू देत!"

पद्मिनी जागची हलली नव्हती. "कशाला उगाच," ती पुटपुटली, "लोकं हसतील." दीनानाथनं मोकळ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि तिला दाराबाहेर काढलं, घरात साप निघाल्यावर माणसं ओढून काढतात तसं.

जिन्यात दोन-तीन दारं उघडली. कुणीतरी खुदकन हसलं. स्मृती मान खाली घालून, दोन्ही बगलांत उशा धरून चालत राहिली. खाली हारूनभाई रात्रीची इशाची नमाज पढून मशिदीतून परतत होते, हातात गरम रोट्यांची पिशवी. गादीखाली वाकलेला दीनानाथ आणि त्याचे लाल डोळे पाहून ते दचकले.

"काय झालं दीनानाथभाऊ? पुन्हा आला काय?"

"नाही हारूनभाई," दीनानाथ म्हणाला. "थांबलंय. म्हणून तर."

हारूनभाईंना हसू यायला लागलं होतं. मग त्यांची नजर मागं उभ्या असलेल्या पद्मिनीवर गेली. ती हुंदके देत होती, आणि एका हातानं पोरीला, एका हातानं नवऱ्याच्या शर्टाला घट्ट धरून होती. हारूनभाईंचं हसू तिथंच राहिलं. त्यांनी एकवार मान वर करून इमारतीकडं पाहिलं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. मग रोट्यांची पिशवी पार्किंगच्या कठड्यावर ठेवली आणि खालच्या खिडकीखाली जाऊन मोठ्यानं हाक मारली, "ताजुन्निसा! अगो, पोरांना घे नि बाहेर ये. चटई पण आण."